आधी खोदा, मग वाळू मागवा: घोड्यांच्या अरीनाची दुरुस्ती आणि देखभाल

राइडिंग स्कूलची अरीना, म्हणजे घोडे फिरवायचं वाळूचं मैदान, बिघडली की पहिला फोन जातो वाळूवाल्याला. "दोन डंपर पाठवा" म्हणून. वाळू येते, पसरली जाते, महिनाभर सगळं छान दिसतं आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच कोपऱ्यात तेच डबकं पुन्हा उभं राहतं. मग कोणीतरी म्हणतं, वाळूच खराब होती.

बहुतेक वेळा अरीनाला वाळू कमी पडलेली नसते. खालचा थर फुटलेला असतो, किंवा वाळूचं पीठ झालेलं असतं, किंवा पाण्याला जायला वाटच ठेवलेली नसते. यातलं नेमकं काय झालंय हे न बघता वरून वाळू ओतली तर पैसे जातातच, शिवाय थर खोल होऊन घोड्याचं नुकसान होतं. म्हणून या लेखात वाळूची गोष्ट मध्यावर येते. आधी फावडं.

मापं २० बाय ४० मीटरच्या अरीनाची धरली आहेत, कारण पुणे, मावळ, नाशिक या पट्ट्यातल्या बहुतेक खासगी राइडिंग शाळांना तेवढीच जागा परवडते. ड्रेसाजची, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या क्रीडाप्रकाराची, मोठी अरीना २० बाय ६० ची असते, तिच्यासाठी आकडे दीडपट करा. उड्यांच्या मोठ्या मैदानाचं गणित वेगळं असतं, पण थरांचा आणि पाण्याचा हिशेब तोच.

घोड्याच्या पायाला काय हवं

आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघाने, म्हणजे एफईआयने, २०१४ मध्ये जमिनीच्या पृष्ठभागावर एक श्वेतपत्रिका काढली होती. तिचा गाभा असा की टाप पडते त्या क्षणी जमीन किती कडक लागते, घोड्याचं पूर्ण वजन आल्यावर ती किती दबते, दबल्यावर किती जोर परत देते, खूर किती घसरू देते आणि हे सगळं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखं आहे का, हे पाहायचं. यातली शेवटची गोष्ट आपल्याकडे सगळ्यात दुर्लक्षित. थोडी कडक अरीना घोडा सांभाळून घेतो, थोडी मऊही चालवून घेतो. पण चार पावलं कडक आणि पाचवं एकदम खोल, असं झालं की स्नायूबंध दुखावतो.

खोल वाळूत पायाच्या मागच्या शिरांवर, म्हणजे टेंडनवर, ताण येतो. कडक जमिनीचा दणका सांध्यांना बसतो. आपल्या शाळांमधले बरेच घोडे रेसकोर्सवरून निवृत्त झालेले थरोब्रेड असतात, त्यांच्या टेंडनने आधीच बरंच सोसलेलं असतं. अशा घोड्याला टाचेपर्यंत रुतणाऱ्या वाळूत दुडकीवर फिरवणं म्हणजे पशुवैद्याला आमंत्रण.

कोणी विचारेल, पालखीच्या रिंगणात माउलींचा अश्व साध्या रानात धावतोच ना? धावतो, पण त्या मातीला मग वर्षभर विश्रांती असते. अरीनात रोज तेच आठ-दहा घोडे, त्याच कडेने, त्याच वळणावर शेकडो वेळा जातात.

पहिली पायरी: निदान

आठ मिलिमीटरची लोखंडी सळई घ्या, तिच्यावर सेंटीमीटरच्या खुणा करा. दर पाच मीटरवर ती वाळूत हाताने दाबा आणि कडक थर लागला की खोली लिहा. चाळीस-पंचेचाळीस नोंदी होतात, तासाभराचं काम आहे. कागदावर अरीनाचा आयत काढून आकडे भरले की चित्र आपोआप दिसतं. बहुधा कडेच्या वाटेवर चार सेंटीमीटर, तिच्या आतल्या अंगाला पंधरा, आणि लंजिंगच्या, म्हणजे लांब दोरीवर घोडा गोल फिरवण्याच्या, जागी एक गोल खंदक. सळई कुठे थांबतच नसेल तर तिथे पाया गेलेला आहे.

मग चार-पाच ठिकाणी खड्डे घ्या. एक सगळ्यात कोरड्या जागी, एक डबक्याच्या जागी, एक दारात, एक कडेच्या वाटेवर. खुरप्याने बाजू सरळ कापा, म्हणजे थर दिसतात. चांगल्या अरीनात वाळू आणि पाया यांच्यात स्पष्ट रेघ असते. ती रेघ नसेल, वाळूत खडी वर आलेली असेल किंवा खालून काळी माती वर चढली असेल तर वरवरच्या मलमपट्टीने भागणार नाही. वाळूच्या तळाशी काळपट, कुजका वास येणारा थर निघाला तर तो लिदीचा: वर्षानुवर्षं न उचललेली लीद टापांखाली चुरून खाली बसलेली.

तिसरी चाचणी बाटलीची, बांधकामाच्या साइटवर करतात तीच. सरळ भिंतीची काचेची बाटली घ्या, दहा सेंटीमीटर उंचीपर्यंत वाळू भरा, वर मिठाचं पाणी ओता, जोरात हलवा आणि तीन तास हात लावू नका. वाळू खाली बसते आणि तिच्यावर गाळाचा वेगळा थर जमतो. तो अर्धा सेंटीमीटर असेल तर ठीक. एक सेंटीमीटरच्या पुढे गेला असेल तर ही वाळू उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात चिखल करणार, तुम्ही काहीही करा.

चौथी चाचणी फुकट आहे, फक्त पाऊस हवा. मोठी सर थांबल्यावर छत्री घेऊन अरीनावर जा आणि पाणी कुठून आत येतं ते बघा. पुष्कळदा ते आभाळातून कमी आणि तबेल्याच्या पत्र्यावरून जास्त येत असतं. २०० चौरस मीटरच्या छपरावर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर १०,००० लिटर पाणी होतं, आणि पन्हळ नसेल तर ते सगळं उताराने अरीनात.

आता निर्णय. पाया शाबूत आणि वाळू स्वच्छ असेल तर फक्त वाळू सारखी पसरवून उतार दुरुस्त करा. पाया शाबूत पण वाळूत गाळ असेल तर जुनी वाळू काढून नवी भरा. पाया फुटलेला असेल तर सगळं उचलून खालपासून काम करावं लागतं, त्याला पर्याय नाही. तुकड्या-तुकड्याने पाया दुरुस्त करणारे ठेकेदार भेटतील. डबक्याचा भाग खणून तिथे खडी भरतात. त्या जागेचा कडकपणा बाकीच्या पायापेक्षा वेगळा होतो आणि वरून सगळं सारखं दिसत असल्यामुळे घोड्याला ते कळत नाही. अशी ठिगळं नकोत.

काम कधी काढायचं

दसऱ्यानंतर जमीन वाळायला लागते. ऑक्टोबरअखेर खोदाई, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पाया, त्यानंतर वाळू हा सोयीचा क्रम. मे महिन्यात सुरू करून "पावसाच्या आत उरकू" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. वळवाच्या एका सरीत उघडा पाया चिखल होतो, आणि काळ्या जमिनीत अडकलेला रोलर काढायला दुसरं मशीन लागतं.

पुणे शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस, तर तासाभराच्या अंतरावरच्या लोणावळ्यात ४००० च्या वर. त्यामुळे "अमक्या क्लबने असं केलंय" हे शहरातलं उदाहरण मावळात चालत नाही. आपल्या गावचा पाऊस धरूनच चर आणि पाइप ठरवा.

पाण्याची वाट

जुनी वाळू जेसीबीने उचलून एका बाजूला ढीग करा. ४.७५ मिलिमीटरच्या चाळणीने चाळली तर खडे निघतात, पण गाळ निघत नाही. गाळाची वाळू नव्या वाळूत मिसळू नका. तबेल्यासमोरच्या वाटेला किंवा पॅडॉकच्या, म्हणजे घोडे मोकळे सोडायच्या कुंपणाच्या, दाराशी चिखल होतो तिथे ती कामाला येते.

आता अरीनाच्या वरच्या अंगाला, म्हणजे टेकडी किंवा तबेला ज्या बाजूला असेल तिकडे, आडवा चर काढा. बाहेरून येणारं पाणी आत शिरण्याआधीच वळवणं हे या कामातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात फळ देणारं कलम आहे. पत्र्याला पन्हळ लावून तिचं तोंडही याच चरात सोडा, किंवा टाकीत घ्या. उन्हाळ्यात ते पाणी लागणारच आहे.

खालच्या अंगाच्या लांब बाजूला दुसरा चर: फूटभर रुंद, दीड फूट खोल. त्याला जिओटेक्स्टाइलचं, म्हणजे पाणी जाऊ देणाऱ्या पण माती अडवणाऱ्या कापडाचं, अस्तर द्या, तळाशी ११० मिलिमीटरचा छिद्रांचा पीव्हीसी पाइप टाका, शंभराला एक उतार ठेवा, भोवती धुतलेली खडी भरा आणि कापड वरून दुमडून झाका. पाइपाचं तोंड नाल्यात किंवा शेताच्या बांधाकडे उघडं सोडा. काळ्या जमिनीत शोषखड्डा करू नका. ती माती एकदा फुगली की पाणी पीत नाही, आणि खड्डा भरला की पाणी उलटं अरीनात येतं.

उतार एकाच बाजूला, आडवा, एक ते दीड टक्का. वीस मीटरच्या रुंदीत वीस ते तीस सेंटीमीटर. यापेक्षा कमी ठेवला तर पाणी थांबतं, जास्त ठेवला तर प्रत्येक पावसात वाळू खालच्या कडेला वाहून जमा होते. मध्ये उंच आणि दोन्हीकडे उतार असाही प्रकार असतो, पण आपल्याकडचे ठेकेदार मधली रेघ सरळ ठेवत नाहीत आणि नवशिक्या घोडेस्वाराला मध्यरेषेवर सरळ चालणं अवघड होतं. उतार डोळ्यांनी ठरवू नका. डंपी लेव्हलवाला बोलवा. नाही मिळाला तर पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी करतात तशी पातळी काढा, खुंट्या ठोका, दोरी बांधा.

पाया

आधी काळी माती खणून काढा. पाण्याने फुगणारी आणि उन्हात भेगाळणारी ही माती कोणत्याही पायाखाली राहिली तर दर वर्षी तो हलवते. किमान दीड फूट काढावी, मुरूम किंवा खडक लागला तर तिथे थांबावं. उघड्या तळावर २०० ते ३०० जीएसएमचं (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचं) न विणलेलं जिओटेक्स्टाइल अंथरा, पट्ट्या एकमेकींवर फूटभर चढवा. हे कापड मुरमाच्या खाली जातं. वाळूच्या लगेच खाली कापड घालण्याची पद्धतही आहे, पण मला ती पटत नाही. वाळू विस्कटली की घोड्याच्या नालेची कड कापडात अडकते, कुळवाचा दात ते फाडतो आणि मग अरीनाभर चिंध्या वर येतात.

कापडावर कठीण मुरूम. इथे डोळे उघडे ठेवा. लाल, मऊ, ओला केला की बोटांना चिकटणारा मुरूम परत पाठवा. मूठभर मुरूम रात्रभर पाण्यात ठेवला आणि सकाळी त्याचा चिखल झाला नाही तर तो घ्या. पंधरा-पंधरा सेंटीमीटरचे थर, प्रत्येकावर पाणी मारून व्हायब्रो रोलर. पाणी इतकंच की मूठ वळली की गोळा व्हावा, हात ओला होऊ नये.

त्यावर खडीचा थर: आधी ४० मिलिमीटरची, मग २० ची, आणि फटी भरायला वरून क्रशरचा कच. दाबून पंधरा सेंटीमीटर जाडी हवी. २० बाय ४० ला ते १२० घनमीटर होतं, आणि ब्रासमध्ये, म्हणजे शंभर घनफुटांच्या मापात, सुमारे ४२. रोलरखाली माल बसतो, म्हणून पन्नासच्या आसपास मागवा. तयार पायावर पहार उभी सोडली तर ती टणकन उडाली पाहिजे आणि ट्रॅक्टरच्या चाकाचा ठसा उठता कामा नये. प्रत्येक थराला लेव्हल पुन्हा तपासा. पायात राहिलेला खळगा वाळूने बुजवता येईल असं वाटतं, पण त्याच खळग्यात पाणी साचतं आणि तिथून पाया परत फुटतो.

मुरूम, खडी आणि वाळू ही तिन्ही गौण खनिजं आहेत. गाडीसोबत रॉयल्टीची पावती आणि वाहतूक परवाना मागा. बेकायदा मालावर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली कारवाई होते, आणि तलाठी तुमच्या दारात आला तर डंपरवाला फोन उचलत नाही.

वाळू कोणती

वाळूत तीन गोष्टी बघायच्या: कणाचा आकार, कणाची जाडी आणि पूड किती.

गोल कण एकमेकांवर घरंगळतात, त्यामुळे वळणावर पाय सरकतो. फार टोकदार कण एकमेकांत अडकून सिमेंटसारखे बसतात. मधले, म्हणजे कोपरे किंचित झिजलेले कण हवेत. जाडी बहुतेक एक मिलिमीटरच्या आतली असावी, ठरावीक एकाच मापाची नको. आणि ७५ मायक्रॉनखालची पूड पाच टक्क्यांच्या आत.

नदीची वाळू कणाच्या दृष्टीने बरी, पण कायदेशीर मिळणं कठीण आणि तिच्यात गाळ भरपूर असतो. समुद्रकिनाऱ्यावरची वाळू उचलायला किनारपट्टी नियमांत बंदी आहे, तो विषयच सोडा. राहिली क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू. आपल्याकडची क्रश सँड बेसाल्टची. काँक्रीटसाठीच्या आयएस ३८३ या प्रमाणकात क्रश सँडमध्ये ७५ मायक्रॉनखालची पूड १५ टक्क्यांपर्यंत चालते. म्हणजे क्रशरवाला "आयएस पास माल आहे" असं म्हणाला तर तो खोटं बोलत नाही, पण तो माल अरीनाला चालत नाही. धुतलेली, व्हीएसआय मशीनवरची प्लास्टर सँड मागा. व्हीएसआयमध्ये दगड दगडावर आपटून फुटतो, त्यामुळे कण चपटे न होता जरा घडीव निघतात. ग्रेडिंगच्या, म्हणजे कणांच्या जाडीच्या प्रतवारीच्या, भाषेत झोन तीन किंवा चारचा बारीक माल.

याहून चांगली सिलिका वाळू. सिंधुदुर्गात कणकवली तालुक्यातल्या कासार्डे भागात तिच्या खाणी आहेत. तिचा कण क्वार्ट्झचा, म्हणून कठीण असतो, टापांखाली लवकर पीठ होत नाही. महाग पडते, विशेषतः वाहतूक. पूर्ण अरीना परवडत नसेल तर धुतलेल्या प्लास्टर सँडमध्ये सिलिका मिसळणं हा चांगला मधला मार्ग आहे. आधी चार बाय चार मीटरच्या तुकड्यावर मिश्रण पसरून, पाणी मारून, आठवडाभर घोडा फिरवून बघा. सिलिकाची कोरडी धूळ मात्र माणसाच्या फुप्फुसाला घातक असते, घोड्याच्याही. ही वाळू निवडली तर पाणी मारण्यात आळस चालणार नाही आणि चाळणाऱ्या माणसाला मास्क द्यावाच लागेल.

कोल्हापूरकडून येणाऱ्या एका स्वस्त मालाबद्दल सावध राहा. फाउंड्रीत वापरून झालेली काळी वाळू कोणी जवळजवळ फुकट देऊ करतं. साच्याच्या वाळूत बेंटोनाइट माती आणि कोळशाची पूड असते, काहींत रेझिन. चिखल, धूळ आणि रसायनं असं तिन्ही एकदम घरात येतं. फाउंड्रीला लागणारी नवी सिलिका वाळू चांगली, वापरलेली नको.

माल ठरवण्याआधी पाच किलोचा नमुना एखाद्या मटेरियल टेस्टिंग लॅबमध्ये किंवा सिव्हिलच्या कॉलेजात चाळणी विश्लेषणाला द्या. आणि पहिली गाडी रिकामी होण्याआधी तिच्यातल्या वाळूची बाटली-चाचणी करा. नमुना एका ढिगाचा आणि माल दुसऱ्या ढिगाचा, हे या धंद्यात नवं नाही.

युरोपात वाळूत कापडाचे तंतू मिसळतात, काही ठिकाणी कणांवर मेण चढवतात. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण जिंकणारे आपले चौघे, त्यातला मुंबईचा हृदय छेडाही, युरोपात सराव करून गेले होते. तिथल्या अरीनांचे व्हिडिओ बघून पालक विचारतात की आपल्याकडे तसं का नाही. तंतूंमुळे वाळू घट्ट धरून राहते हे खरं. पण आपल्या उन्हात पाणी कमी पडलं की तंतू वर तरंगून येतात, आणि पुढे ती वाळू बदलायची झाली तर तो सगळा प्लास्टिकचा कचरा कुठे टाकायचा हा प्रश्न उरतो. पाया आणि पाणी नीट असेल तर शिकवणीच्या अरीनाला साधी वाळू पुरते. शिंप्यांकडच्या चिंध्या कातरून घालण्याचा घरगुती प्रयोग तर करूच नका, सुती चिंधी एका पावसाळ्यात कुजते.

भरणं

दाबलेली दहा सेंटीमीटर पुरेत. २० बाय ४० ला ८० घनमीटर, म्हणजे २८ ब्रास. बसण्याची तूट धरून ३२-३३ मागवा. सगळी एकदम टाकू नका. आधी सहा-सात सेंटीमीटर पसरा, भरपूर पाणी मारा, हलका रोलर फिरवा, दोन आठवडे घोडे चालवा, मग एकेक सेंटीमीटर वाढवत न्या. या अरीनात एक सेंटीमीटर म्हणजे आठ घनमीटर, तीन ब्रासला थोडं कमी. वाढवणं सोपं असतं, जास्त झालेली वाळू काढणं फार जड जातं.

भरलेला डंपर तयार पायावर नेऊ नका. दारात ओता, ट्रॅक्टरच्या फळीने पुढे ढकला, आणि पुढची खेप पसरलेल्या वाळूवरून न्या.

कडेला वाळू अडवायला फूटभर उंचीची आडभिंत लागते. लाकडाला वाळवी लागते, म्हणून बरेच जण काँक्रीटच्या खांबांना जुना कन्व्हेअर बेल्ट बोल्टने बसवतात. बोल्टची डोकी बाहेरच्या बाजूला. खालच्या अंगाला तळाशी फटी ठेवून आतून जिओ कापड लावा: पाणी जावं, वाळू राहावी.

रोजचं पाणी

वाळूच्या अरीनाची निम्मी देखभाल म्हणजे पाणी. ओलावा साधारण ८ ते १२ टक्के असला की वाळू धरते. मोजायला यंत्र लागत नाही. अर्धा किलो वाळू तळापासून घ्या, कढईत कोरडी होईपर्यंत भाजा, पुन्हा वजन करा. ४५५ ग्रॅम भरली तर पाणी ४५ ग्रॅम, म्हणजे कोरड्या वाळूच्या दहा टक्के. दोन-चार वेळा असं केलं की पुढे मुठीवरून कळतं: घट्ट दाबलेला गोळा मूठ उघडल्यावर टिकावा, बोटाने टोचल्यावर फुटावा.

८०० चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे ८०० लिटर. एप्रिल-मेमध्ये पाच मिलिमीटर मारायचं ठरवलं तर रोज ४००० लिटर. १०,००० लिटरचा टँकर अडीच दिवस जातो. बोअरवर भरवसा ठेवून अरीना बांधणाऱ्यांनी हा हिशेब आधीच करावा.

पाणी संध्याकाळी मारा, रात्रभर मुरतं. सकाळी रपेटीच्या आधी पाइपाने शिंतोडे उडवले की वरचे दोन सेंटीमीटर ओले आणि खाली कोरडं राहतं, घोड्याच्या पहिल्या फेरीत वरचा थर सरकतो. खुरप्याने उकरून ओल कुठवर गेली ते बघा. स्प्रिंकलर बसवणार असाल तर दोन फवाऱ्यांची वर्तुळं एकमेकांना छेदतील असे लावा, आणि वारा असेल त्या दिवशी तपासा. कोपरे कायम कोरडे राहतात, तिथे हातपाइप लागतोच.

धूळ दाबायला मॅग्नेशियम क्लोराइड टाकतात, ते हवेतला ओलावा धरून ठेवतं. आपल्याकडच्या पावसात ते वाहून जातं, खुरांना कोरडं करतं आणि ट्रॅक्टरच्या पत्र्याला गंज चढवतं. उन्हाळ्यापुरतं, बेताने, आणि काम झाल्यावर घोड्याचे पाय धुणार असाल तरच. गॅरेजमधलं जळकं ऑइल ओतणारे लोक अजून आहेत. घोडा त्यात लोळतो, ते कातडीला लागतं आणि विहिरीत मुरतं. कुठल्याही परिस्थितीत नको.

कुळव, फळी आणि दंताळं

द्राक्षबागेत चालतो तो छोटा ट्रॅक्टर या कामाला उत्तम. मोठ्याच्या चाकांनी पाया दाबला जातो. मागे स्प्रिंगच्या दातांचा कुळव आणि त्यामागे सरळ फळी असं एकत्र अवजार गावातला वेल्डर करून देतो. दात चार-पाच सेंटीमीटरच्या खाली जाऊ नयेत, त्यासाठी दोन्ही बाजूंना खोली धरणारी चाकं बसवून घ्या. दात पायापर्यंत गेले तर पहिल्याच दिवशी खडी वर येते, आणि ती मिसळायची थांबत नाही.

सावकाश चालवा. वेगात वाळू बाहेरच्या बाजूला फेकली जाते. आज गोलाकार, उद्या तिरपं, परवा लांबीने, असा मार्ग बदलत राहा. ट्रॅक्टर रोज एकाच कोपऱ्यात वळवला तर तिथे खळगा पडतो. कुळव फिरवण्याआधी साईसाने दंताळ्याने कडेची वाळू आत ओढून वाटेवर टाकायची. हे हाताचं काम आहे, ट्रॅक्टर कडेपर्यंत पोचत नाही. उड्या असतील तर अडथळ्याच्या दोन्ही बाजूंच्या जागा दर तीन-चार घोड्यांनंतर ओढून घ्या.

कुळवाआधी लीद उचला. शिकवणीच्या प्रत्येक तासात, पडल्याबरोबर. अरीनात चारा टाकू नका, वाळू पोटात जाऊन घोड्याला पोटशूळ होतो. लंजिंगची जागा आठवड्याला बदला. मोकळं सोडून लोळायला आणि उधळायला वेगळी पॅडॉक ठेवा.

नाल सुटली तर ती सापडेपर्यंत तास थांबवा आणि खिळे मोजा. नालबंद येऊन गेल्यावर जुन्या स्पीकरचा लोहचुंबक दोरीने बांधून सगळीकडून ओढला तर काय काय चिकटून येतं ते बघाच.

पावसाळा

पाणी उभं असताना कुळव घालू नका, आणि डबक्यातून बाहेरपर्यंत फावड्याने चर काढू नका. चराबरोबर वाळू वाहून जाते आणि पाया उघडा पडतो. पाया नीट असेल तर मोठ्या सरीनंतर काही तासांत पाणी उतरतं. ओली, निथळलेली वाळू घट्ट असते, तिच्यावर चाल आणि दुडकी खुशाल करा. सलग ओल असेल त्या आठवड्यात फक्त फळी मारा, दात नकोत.

जूनच्या आधी पाइपाच्या तोंडातला पालापाचोळा काढा, आतून पाणी सोडून वाहतंय का बघा. पावसात दर आठवड्याला आडभिंतीच्या फटी मोकळ्या करा. कडेने हराळी आणि लव्हाळा शिरतो. लव्हाळ्याची गाठ खणून काढावी लागते, नुसता ओढला तर वरचं पातं हातात येतं आणि खाली गाठ राहते. रेन ट्रीखाली अरीना असेल तर शेंगा आणि पानं रोज झाडा. ती कुजली की त्यांचाच गाळ होतो.

वर्षातून एकदा

पाऊस गेला की सळई घेऊन पुन्हा चाळीस-पंचेचाळीस नोंदी करा आणि मागच्या वर्षीच्या कागदाशेजारी ठेवा. कुठून वाळू कुठे सरकली ते दिसेल. आधी ती परत जागेवर ओढा, मग कमी पडली तरच मागवा, आणि पहिल्यांदा आणली त्याच खाणीची, त्याच ग्रेडिंगची. बाटली-चाचणीही तेव्हाच करा. क्रश सँडच्या अरीनात टापांखाली कण फुटत जातात, त्यामुळे गाळाचा थर दर वर्षी थोडा वाढलेला दिसेल. तो एक सेंटीमीटरकडे सरकायला लागला की पुढच्या दसऱ्यानंतरच्या कामासाठी पैसे बाजूला ठेवायला सुरुवात करा.

या नोंदी तबेल्यातच एका वहीत ठेवा, तारीख आणि पावसाच्या आकड्यासह. त्याच वहीत कोणता घोडा कधी लंगडला हेही लिहा, म्हणजे पशुवैद्य आला की त्याच्यासमोर वही उघडता येते.